घाटात मळमळतं का?

आमच्या दवाखान्यात एकच ऑपरेशन दोनदा संपायचं.

पहिल्यांदा ते शेवटच्या टाक्याला संपायचं. मोठे डॉक्टर हातमोजे काढून थिएटरच्या दाराबाहेर यायचे. सगळा दवाखाना त्यांना मोठे डॉक्टरच म्हणायचा. ते मालकही होते आणि सर्जनही, आणि जालना रोडवरच्या पुलावरून जाणाऱ्यालाही वाचता यावं एवढ्या अक्षरात त्यांचं नाव इमारतीवर होतं. त्यांच्या हातात काचेची बाटली असायची, बाटलीत पित्ताशयातले खडे. नातेवाईक उठून उभे राहायचे. बाटली आरतीच्या तबकासारखी सगळ्यांपुढून फिरायची. कुणी फोटो काढायचं, कुणी पाया पडायचं, एखादी म्हातारी खड्यांनाच हात जोडायची. ऑपरेशन यशस्वी झाल्याचं जाहीर व्हायचं आणि एकजण पेढे आणायला पळायचा.

ज्या बाईचे ते खडे, ती त्या वेळी आत घशात नळी घेऊन पडलेली असायची. तिचा श्वाससुद्धा यंत्र घेत असायचं. तिच्यापुरतं ऑपरेशन अजून संपलेलंच नसायचं. ते दुसऱ्यांदा संपायचं डॉ. प्रमिला बनकर म्हणतील तेव्हा, आणि ते बघायला कुणी नसायचं.

बनकर मॅडम भूलतज्ज्ञ. मी पॅथॉलॉजिस्ट, तळमजल्यावर जिन्याखाली माझी लॅब. वरून बाटल्यांतून माणसांचे तुकडे माझ्याकडे यायचे आणि मी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून साधे की वाईट ते सांगायचो. दवाखान्याच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेत सर्जन मंडळींची नावं पदव्यांसह असायची आणि खाली ‘व इतर’. त्या ‘व इतर’मध्ये आम्ही दोघं. आमची ओळख तिथूनच झाली म्हणायला हरकत नाही. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम सुरू झाला की मॅडम माझ्या लॅबमध्ये येऊन बसायच्या, पर्समधून भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढायच्या आणि वरच्या लाउडस्पीकरवर चाललेली भाषणं ऐकत शांतपणे खायच्या. एकदा माझ्या टेबलावरच्या बाटल्यांकडे बघून म्हणाल्या, “पाठकसाहेब, तुमचे पेशंट बरे. उलटी करत नाहीत.”

उलटी हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विषय होता.

बुटक्या, सुती साड्या नेसणाऱ्या, पायात पुरुषी चपला. माहेर सोयगावकडचं, शेतकरी घर. बोलणं शहरात तीसेक वर्षं राहूनही तिकडचंच, आणि ते त्यांनी मुद्दाम राखलं होतं असा माझा संशय आहे. आमच्याशी पुस्तकी मराठीत भांडायच्या आणि पेशंटच्या खाटेजवळ गेल्या की सोयगावला पोचायच्या. मुसलमान बाई असली तर त्याच सफाईनं “खाला, नक्को घबराओ, मैं इधरीच है” चालायचं. व्याकरण कुणी तपासत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या प्रत्येक पेशंटला भेटायच्या. दमा आहे का, दात हलतात का, मागं कधी भूल दिली होती का, हे सगळेच विचारतात. मॅडम शेवटी आणखी एक विचारायच्या.

“घाटात मळमळतं का?”

नवा माणूस गोंधळायचा. पित्ताशयाचा आणि घाटाचा संबंध काय? पण संबंध होता आणि तो सगळ्या पुस्तकांत दिलेला आहे. गाडी लागणाऱ्या माणसाला भुलीतून उठताना जास्त मळमळतं. त्यात बाई असली तर अधिक. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं असेल तर अधिक. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा न ओढणाऱ्यांना अधिक, म्हणजे आयुष्यभर जिनं कसलंही व्यसन केलं नाही तिलाच ही शिक्षा. आधी कळलं तर उठण्यापूर्वीच सुईतून औषध देता येतं आणि मळमळ बहुतेक वेळा टळते. पुस्तकात ‘प्रवासात त्रास होतो का’ असं लिहिलेलं असतं. मॅडम म्हणायच्या, असं विचारलं की आपली माणसं ‘नाही’ म्हणतात. प्रवास म्हणजे त्यांना काशी-रामेश्वर वाटतं. घाट म्हटलं की बरोबर समजतं.

एकदा मी कसल्याशा रिपोर्टसाठी वॉर्डात गेलो होतो तेव्हा त्यांचं हे चाललेलं ऐकलं. कन्नडच्या घाटाखालच्या एका गावातलं जोडपं. बाई खाटेवर, नवरा उशाशी उभा. मॅडमनी घाटाचं विचारलं तर नवराच बोलला. “नाय मॅडम. तिला काय होत नाय. लई कडक हाय ती.”

“तुम्हाला इचारलं का?”

“न्हाई, पण मला म्हाईत हाय ना. वीस वर्सं झाली लग्नाला.”

मॅडमनी त्याला चहा प्यायला पाठवलं. तो गेल्यावर बाईला विचारलं, माहेरी कशानं जाता? जीपनं. मालक कुठं बसतात? पुढं, डायवरजवळ. आणि तुम्ही?

“मागं,” बाई म्हणाली. “पिशवी घिऊन. त्याईला मागचं काय दिसतंय?”

बाई हसली, मग मॅडम हसल्या. संसाराची सगळी वर्षं तो माणूस पुढच्या काचेतून घाट बघत आला होता आणि मागं बायको पिशवीत तोंड घालून बसलेली होती. त्याच्या सांगण्यावर औषध ठरलं असतं तर पोटाला चार भोकं पाडलेली ती बाई दुसऱ्या दिवशी टाके धरून ओकत राहिली असती, आणि नवऱ्यानं सगळ्यांना सांगितलं असतं की तिला कधी असं होत नाही. तेव्हापासून मॅडमनी नियमच केला. घाटाचा प्रश्न नवऱ्याला बाहेर काढून.

औषधांच्या बाबतीत त्या भाविक नव्हत्या. उगाच औषध दिलेलं त्यांना खपायचं नाही. पण उठणाऱ्या माणसाला ज्यानं आराम पडेल ते मिळालंच पाहिजे, यावर त्या हटून बसायच्या. मळमळीचं औषध. थंडीनं दात वाजायला लागले तर गरम पांघरूण आणि त्यानं भागलं नाही तर त्यावरचं इंजेक्शन. जखम ठणकायच्या आत दुखणं कमी करणारं औषध. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताकद परत आणणारं.

हे शेवटचं समजावून सांगायला हवं. ऑपरेशनच्या वेळी अंग सैल पडावं म्हणून एक औषध देतात. त्यानं हातपाय, मान, छाती, सगळं ढिलं पडतं. काम झाल्यावर त्याचा असर उतरवावा लागतो. त्यासाठी जुनं एक औषध आहे, सावकाश चालणारं, योग्य वेळ बघून द्यावं लागणारं. नवं आहे ते झपाट्यानं काम करतं, पण महाग. यात घाई किंवा कंजुषी झाली तर माणूस जागा होतो, त्याला ऐकू येतं, पण मान उचलत नाही, छातीत हवा पुरत नाही आणि तसं सांगायला जीभ वळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तो गप्प पडलेला दिसतो. मॅडम म्हणायच्या, “वॉर्डात याला ‘शांत पेशंट’ म्हणतात. मोठ्या डॉक्टरांना शांत पेशंट लई आवडतात.”

म्हणून त्या यंत्रावर स्नायूंची ताकद बघायच्याच, वर माणसाकडून मान उचलून घ्यायच्या आणि मी सांगेपर्यंत खाली टाकायची नाही म्हणायच्या. मग जवळ बसून राहायच्या. असं कशासाठी, लहानपणी तुमचंच कधी ऑपरेशन झालं होतं का, असं मी एकदा विचारलं. माणसाच्या हट्टामागं काहीतरी करुण कहाणी असते असं वाचनामुळं माझ्या डोक्यात बसलेलं. त्यांनी शेंगदाण्याचं टरफल फुंकरीनं उडवलं. “काही कहाणी नाही. दुसऱ्याची मळमळ थांबवायला आपण आधी ओकून यावं लागतं व्हय?”

त्यांच्या कीर्तीत भर घालणारा प्रसंग एका पुढाऱ्याच्या हर्नियाचा. पुढारी आमच्याच भागातले, नाव सांगत नाही. सांगितलं तर ते खूश होतील. ऑपरेशन चालू असताना खाली आवारात कार्यकर्ते हार घेऊन उभे होते. ढोलही आला होता, फक्त सायलेंट झोन म्हणून वाजत नव्हता. साहेब स्ट्रेचरवरून हात हलवत बाहेर येतील आणि ते मोबाईलवर थेट दाखवलं जाईल अशी योजना. मोठ्या डॉक्टरांनी ती मान्य केली होती, कारण मागं भिंतीवर दवाखान्याचं नाव दिसणार होतं.

शेवटचा टाका पडला. साहेब उठेनात. मोठे डॉक्टर म्हणाले, मॅडम, ते नवं इंजेक्शन द्या की, झटकन उठतात.

“दिलंय. त्यानं ताकद येते, सर. शुद्ध यायला वेळ लागतो. आत्ता त्यांच्याकडं ताकद आहे आणि शुद्ध नाही. तसंच न्यायचं का बाहेर?”

खाली आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, कार्यकर्त्यांना फरक कळला नसता. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. टेबलावर पडलेल्या माणसावर विनोद करायचा नाही, म्हणाल्या, उठल्यावर करा. तिकडं साहेब शुद्धीवर येत असतानाच एक उत्साही कार्यकर्ता हिरवा गाऊन चढवून थिएटरात शिरला होता. साहेब डोळे मिटून “आई, घरी जायचं,” असं काहीतरी पुटपुटत होते आणि हा ते मोबाईलवर घेत होता. मॅडमनी त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि दवाखान्यातला खराब कापूस, बोळे टाकायच्या पिवळ्या पिशवीत टाकला. म्हणाल्या, हातमोजे घालून शोधा, आणि आधी त्यातलं पुसा. साहेब नीट जागे होऊन, तोंड पुसून, केस विंचरून बाहेर गेले तेव्हा निम्मे हार सुकले होते. पुढाऱ्यांनी त्या दिवशी कुणाकुणाचे जाहीर आभार मानले. मॅडम अर्थातच ‘व इतर’ होत्या.

मोठे डॉक्टर मात्र ते विसरले नाहीत. त्यात दुसरं थिएटर बांधून झालं आणि सगळ्या ऑपरेशनची पॅकेजेस ठरली. एका दुपारी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. पडद्यावर बाण वर जात होते. सांगण्यात आलं की यापुढं शेवटचा टाका पडला की भूलतज्ज्ञानं दुसऱ्या थिएटरात जायचं. पेशंटला उठवणं सिस्टर बघतील. आणि उठतानाची जी औषधं आहेत, ती आधीपासून द्यायची नाहीत. त्रास झाला तरच, आणि तीही नातेवाइकांनी खालच्या मेडिकलमधून आणायची. ताकद आणणारं नवं औषध स्टॉकमधून बंद. जुन्यावर भागतं.

“भूल म्हटली की थोडी मळमळ आलीच,” मोठे डॉक्टर म्हणाले. “आपल्या आया-आज्यांनी किती सोसलं. सोसण्याची ताकद ही आपली संस्कृती आहे.”

मॅडम उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच बोलल्या. “सर, तुमची अक्कलदाढ काढली तेव्हा मी तिथं होते. संस्कृती मी पाहिली आहे.”

कुणी हसलं नाही, पण बऱ्याच जणांना एकाच वेळी खोकला आला.

“सोसणं हा गुण असेल,” त्या पुढं म्हणाल्या. “उपचार नाही. आणि त्रास झाल्यावर औषध म्हणजे तहान लागल्यावर विहीर. तीही नातेवाइकांनी खणायची. मी झोपवलेलं माणूस मी उठवणार. हे जमत नसेल तर मला झोपवायला सांगू नका.”

मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले की शहरात भूल देणारे खूप आहेत. हे खरं होतं.

मॅडमनी मग जे केलं ते त्यांनाच सुचावं. त्यांनी भांडण केलं नाही, तक्रारही केली नाही. आदल्या दिवशी पेशंटला भेटायला गेल्या की सगळे प्रश्न विचारून झाल्यावर नातेवाइकांसमोर एवढंच सांगायला लागल्या: भुलीतून उठताना मळमळतं, थंडी वाजते, त्यावर औषधं असतात. या दवाखान्यात ती आता मागितल्याशिवाय मिळत नाहीत. तुम्हाला हवी असतील तर काउंटरवर मागा. लाजू नका.

आपल्याकडं माणसं डॉक्टरकडं काही मागायला कचरतात, पण काउंटरवर मागायला कचरत नाहीत. सिल्लोडकडची, कन्नडची मंडळी खाली येऊन काचेवर टकटक करू लागली. “उठायचं औषध टाका म्हणलं आमच्या म्हातारीला. मॅडमनी सांगितलंय, मागा म्हून.” एक जण म्हणाला, उठायचं औषध नसल तर झोपायचं तरी कशापायी देता? लॅबच्या दारातून मला हे सगळं ऐकू यायचं आणि माझी कामं त्या आठवड्यांत जरा सावकाश झाली. पॅकेजच्या कागदावर ‘वेदनारहित व सुखद अनुभव’ असं छापलं होतं; तो कागद काचेला लावून एका मास्तरांनी काउंटरवरच्या मुलाकडून त्यातल्या प्रत्येक शब्दाचा खुलासा मागितला.

मळमळीचं आणि थंडीचं औषध निमूट परत आलं. काही दिवसांनी नवं औषधही आलं, पण कुलपात. ते मागून, सही करून घ्यावं लागायचं, आणि मॅडम सही करायच्या. मोठ्या डॉक्टरांनी यावर एकच उपाय केला. पुढच्या महिन्यापासून तुमची गरज नाही, असं मॅडमना कळवलं. निरोपाचा कार्यक्रम करू, शाल देऊ, असंही कळवलं. त्यांनी शालीला नकार कळवला.

त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या यादीत कौसल्याबाई होत्या, सोयगावच्या, गळ्यात मोठी गाठ. घाटाच्या प्रश्नावर त्यांनी, घाट कशाला, बैलगाडीत पण, असं उत्तर दिलेलं. गळ्याच्या ऑपरेशननंतर ओकारीचा जोर आला तर टाक्यांच्या आत रक्त सुटायची भीती असते, श्वासाची वाट दबते. म्हणजे हे औषध इथं काही लाडाचं नव्हतं. सुनेनं ते काउंटरवर आल्याआल्याच मागून ठेवलं होतं.

गाठ साधी की कॅन्सरची, हे ऑपरेशन चालू असतानाच सांगायचं होतं. तुकडा खाली आला, मी तो गोठवून, कापून बघितला आणि फोन न करता स्वतः वर गेलो. साधी आहे, असं दारातून सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली, पुढचं काम उरकलं, टाके घातले आणि ही बातमी घेऊन खाली गेले. खाली रडारड आणि हसणं एकदम सुरू झाल्याचं जिन्यातून ऐकू आलं. ज्या बाईची गाठ, तिला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

मी थांबलो. शेवटचा दिवस होता.

मॅडमनी असर उतरवणारं औषध दिलं, यंत्राकडं बघितलं, वाट बघितली, नळी काढली. बाईंना टेबलावरून ढकलगाडीवर घेतलं. गरम केलेलं पांघरूण घातलं. बाईंचे दात किंचित वाजत होते ते थांबले. मळमळीचं आधीच गेलेलं होतं. मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांनी बाईंच्या हनुवटीखाली हात धरला.

शबाना सिस्टर आल्या. म्हणाल्या, सर बोलावतायत, दुसऱ्या थिएटरात पेशंट घेतलाय.

“जागा आहे ना तो? मग गप्पा मारा त्याच्याशी. त्याला काही धोका नाही.”

मग मोठे डॉक्टर स्वतःच आले. ओठाला पेढा लागला होता. म्हणाले, मॅडम, आजचा दिवस तरी नीट जाऊ द्या. त्यांनी दोघा वॉर्डबॉयना खूण केली, गाडी बाहेर घ्या. दोघांनी गाडी ढकलली. ती हलली नाही. पुन्हा ढकलली. तेव्हा सगळ्यांनी खाली बघितलं. मॅडमची चप्पल चाकाच्या ब्रेकवर होती.

“सर, तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तुमचं ऑपरेशन झालं. माझं माणूस अजून आलं नाही.”

मोठे डॉक्टर तिथंच उभे राहिले. पायावरून गाडी नेणं पॅकेजमध्ये बसत नव्हतं. मॅडमनी त्यांच्याकडं पुन्हा बघितलं नाही. “मावशी,” त्या म्हणाल्या, “मान उचला. वर. ठिवा तशीच.” मान उचलली गेली, थरथरली, राहिली. “आता टेका. नाव सांगा.”

“कौसल्या,” बाई म्हणाल्या. आवाज खरखरीत, पण होता. मग डोळे उघडले, हात गळ्याकडं गेला. “गाठ?”

“साधी हाय, मावशी. कॅन्सर नाय. काढून टाकली.”

बाईंनी डोळे मिटले. जरा वेळानं उघडले आणि पुन्हा विचारलं, “गाठ कशाची व्हती?” भुलीतून येताना असं होतं, ऐकलेलं टिकत नाही.

“अहो, आत्ताच सांगितलं ना तिला,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“सांगितलं. ती अजून पोचली नव्हती.”

आणि त्या पुन्हा वाकल्या. त्याच आवाजात, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं म्हणाल्या, “साधी हाय, मावशी.” पाय ब्रेकवरच होता.